सीएसआयची मेंबरशिप घ्यावी का? माझा रिव्ह्यू

इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी विचारतात, कॉलेजात सीएसआयच्या, म्हणजे कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाच्या, स्टुडंट ब्रँचचा फॉर्म फिरतोय, भरू का, प्लेसमेंटला उपयोग होतो का. प्लेसमेंटचं आधीच सांगून टाकतो, नुसत्या मेंबरशिपवर कुणी नोकरी देत नाही, रेझ्युमेत एक ओळ वाढते एवढंच. पण त्या ओळीसाठी घ्यायची ही गोष्टच नाही, आणि ही संस्था नक्की आहे काय हे पोरांना कुणी धड सांगत नाही.

सीएसआय सुरू झाली मार्च 1965 मध्ये. त्या वेळी देशात कम्प्युटर होते मोजकेच, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च), आयआयटी कानपूरला, कोलकात्याच्या स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, अशा ठिकाणी. पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन, म्हणजे टीआयएफआरमध्ये ज्यांच्या हाताखाली टिफरॅक तयार झाला ते. टिफरॅक हा आपल्याकडे बनलेला कम्प्युटर, 1960 ला चालू झाला, मेमरी 2048 शब्दांची (इथे शब्द म्हणजे कम्प्युटर एकदम हाताळतो तो बिटांचा गट) आणि एक शब्द 40 बिटांचा, म्हणजे सगळी मिळून 10 केबी. आज मोबाईलवरचा एक साधा फोटो त्यात मावणार नाही, आणि त्यावर शास्त्रज्ञ आपली गणितं सोडवून घ्यायचे! बीटेक कम्प्युटर असली डिग्री तेव्हा आपल्याकडे नव्हतीच, जो तो फिजिक्समधून नाहीतर मॅथ्स किंवा इलेक्ट्रिकलमधून आलेला, त्यामुळे एकाला अडलेलं दुसऱ्याला विचारायचं तर सगळ्यांनी कुठेतरी एकत्र यायलाच हवं होतं. सीएसआयची खरी गरज तिथे होती. पुढे टीसीएस उभी करणारे एफ. सी. कोहलीसुद्धा हिचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपली आयटी इंडस्ट्री जन्माला येत असताना ही संस्था त्याच माणसांत होती. माझ्या मते हा इतिहास फर्स्ट इयरलाच शिकवायला हवा.

आता मेंबरला मिळतं काय? सीएसआय कम्युनिकेशन्स नावाचं मासिक, वार्षिक अधिवेशन, विद्यार्थ्यांची संमेलनं, स्पर्धा आणि वर्कशॉप. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चॅप्टरची, म्हणजे संस्थेच्या गावोगावच्या शाखांची, संध्याकाळची लेक्चरं. एका लेक्चरला मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या अवाढव्य कम्प्युटरवर, काम करून रिटायर झालेले एक काका आले होते, त्यांनी पिशवीतून पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायच्या कार्डांचा, गठ्ठा काढला आणि एकेक कार्ड पोरांच्या हातात दिलं. कार्डावर 80 कॉलम, फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोड 72 पर्यंतच, आणि शेवटच्या 8 कॉलममध्ये क्रमांक टाकायचे, का, तर गठ्ठा हातातून पडला तर परत ओळीने लावता यावा म्हणून. एका पोराने विचारलं की चूक सापडली तर काय करायचं, तर काका म्हणाले की ते कार्ड काढायचं, नवीन पंच करायचं आणि प्रोग्रॅम चालवायला परत रांगेत उभं राहायचं. मागची बाकडीसुद्धा एकदम गप्प झाली होती. असं ऐकायला कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये मिळणार, आणि लेक्चर संपल्यावर चहाच्या वेळी त्यांच्याशी अर्धा तास बोलता येतं ते वेगळंच.

बऱ्याच जणांचा घोळ होतो म्हणून सांगतो, नॅसकॉम वेगळी आणि सीएसआय वेगळी. नॅसकॉम 1988 ची, ती कंपन्यांची संघटना आहे आणि तिथे मेंबर कंपनी असते. सीएसआयमध्ये कॉलेजं आणि संस्थाही मेंबर होतात, पण मुळात ती माणसांची, म्हणजे प्रोग्रॅमर, प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी यांची. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो कारण कंपनीचं हित आणि त्यात काम करणाऱ्याचं हित दर वेळी एकच असेल असं नाही.

आणि इथेच माझी मोठी अपेक्षा आहे. सीएंच्या संस्थेला 1949 च्या कायद्याचं पाठबळ आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे, सनद लागते, चुकलं तर ती काढूनही घेतात. आपल्या धंद्यात असलं काहीच नाही, कुणीही सॉफ्टवेअर लिहू शकतो आणि सीएसआयला कुणाला रोखायचा अधिकार नाही. लायसन्स नकोच असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शिक्षण दुसऱ्याच विषयात झालेली कितीतरी उत्तम माणसं या क्षेत्रात आहेत आणि लायसन्स आलं की आधी त्यांचीच वाट बंद होईल. पण ब्रिटनच्या बीसीएसला, म्हणजे तिकडच्या ब्रिटिश कम्प्युटर सोसायटीला, 1984 मध्ये रॉयल चार्टर म्हणजे राजसनद मिळाली आणि ती चार्टर्ड दर्जा देते, तो घेतला नाही तरी काम करता येतं पण घेतला तर मान आहे. तसा ऐच्छिक दर्जा आपल्याकडे सीएसआयने द्यावा आणि तो मिळवणं खरंच अवघड ठेवावं. शिवाय बँक, हॉस्पिटल, सरकारी योजना आता सॉफ्टवेअरवर चालतात, एखादी सिस्टिम कोसळून लोकांचे हाल झाले की नेमकं काय चुकलं हे कुठल्याही कंपनीची बाजू न घेता सांगणारा आवाज लागतो, आणि तो प्रोफेशनल लोकांच्या संस्थेचाच असायला हवा.

चॅप्टर देशभरात 70 च्या आसपास आहेत पण सगळे सारखे जोरात नसतात, कामं करणारे सगळे आपली नोकरी सांभाळून करतात, दोन उत्साही माणसं बदलून गेली की वर्षभर शांतता. स्टुडंट ब्रँचचं पण तसंच, को-ऑर्डिनेटर मॅडम किंवा सर मनापासून करणारे असतील तर पोरांचं सोनं होतं, नाहीतर उद्घाटनाचा हार, फोटो आणि सर्टिफिकेट. म्हणून पैसे भरायच्या आधी गेल्या वर्षी काय काय कार्यक्रम झाले त्याची यादी मागा आणि सीनियरना विचारा की त्यातल्या कितींना बाहेरचा माणूस बोलायला आला होता. नोकरीवाल्यांनी आधी चॅप्टरच्या एखाद्या खुल्या लेक्चरला जाऊन बसावं, मन लागलं तर लाइफ मेंबरशिपचं बघावं.