शेतातील कॅमेऱ्यासाठी चार्जर: टीपी ४०५६ की बीक्यू २४०७४?

कपाशीतील कामगंध सापळ्यात रोज किती पतंग अडकले, याचे छायाचित्र पाठवणारा रास्पबेरी पाय झीरो हा छोटा संगणक सौर पॅनेलवर आणि एका लिथियम-आयन सेलवर चालवायचा झाल्यास, चार्जरसाठी साधारणपणे दोन पर्याय समोर येतात: सर्वत्र मिळणारे टीपी ४०५६ चे मॉड्यूल आणि पॉवर-पाथची, म्हणजे उपकरणाला सेलपासून वेगळ्या वाटेने वीज देण्याची, सोय असलेली बीक्यू २४०७४ ही चिप. मी दोन्ही वापरले आहेत. दोन्ही लिनिअर, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात घालवणाऱ्या, प्रकारचे असल्याने उष्णतेच्या बाबतीत निवडण्यासारखा फरक मला जाणवला नाही.

किमतीत ४०५६ ला तोड नाही, आणि तिची आठ पायांची चिप साध्या सोल्डरिंग आयर्ननेही बदलता येते. २४०७४ ची चिप जेमतेम ३ मिलिमीटर चौरस असून तिला बाहेर आलेले पायच नसतात, त्यामुळे बहुतेकांना कित्येक पट महाग असलेला तयार बोर्ड घ्यावा लागतो. उपकरण बंद ठेवूनच सेल चार्ज करायचा असेल, तर हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

माझा निर्णय मात्र श्रावणातल्या झडीने केला. सूर्यदर्शन न झाल्याने सेल पार उतरतो, आणि ऊन पडल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी आपली अपेक्षा असते. सेलचा व्होल्टेज २.९ च्या खाली असताना ४०५६ पूर्ण प्रवाह देत नाही. १ अँपिअरसाठी जुळवलेल्या नेहमीच्या मॉड्यूलमधून अशा वेळी सुमारे १३० मिलिअँपिअरच मिळतात. सेलच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे, परंतु या मॉड्यूलवर लोड, म्हणजे वीज वापरणारे उपकरण, सेलला समांतर जोडलेला असतो आणि बूस्ट कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमधून) सुरू होऊ पाहणारा पाय झीरो त्याहून कितीतरी अधिक प्रवाह ओढतो. तो अर्धवट सुरू होतो, व्होल्टेज कोसळतो, तो बंद पडतो आणि पुन्हा सुरू होऊ लागतो; भर उन्हात दिवसभर हेच चालते आणि सेल भरतच नाही. पॅनेल लहान आहे म्हणून रेझिस्टर बदलून चार्जिंगचा प्रवाह निम्मा केला, तर हा सुरुवातीचा प्रवाहही निम्मा होतो आणि कोंडी अधिकच घट्ट होते. चिखल तुडवत शेतात जाऊन सेल बदलण्याखेरीज मग दुसरा मार्ग राहत नाही.

२४०७४ मध्ये लोडची वाट वेगळी असते. पॅनेलकडून पुरेशी वीज येत असेल, तर लोडला थेट ४.४ व्होल्ट मिळतात, उरलेला प्रवाह सेलकडे जातो, आणि सेल पूर्ण उतरलेला असला तरी पाय झीरो सुरू होतो. ढगाळ उजेडात पॅनेलचा व्होल्टेज ४.५ च्या आसपास येताच चिप स्वतःच कमी प्रवाह घेते, त्यामुळे पॅनेलचा व्होल्टेज कोसळत नाही. मात्र लोडला प्राधान्य असल्याने पॅनेल अपुरे पडल्यास सेलच्या वाट्याला काहीच उरत नाही. तेव्हा बचत पॅनेलमध्ये करू नये.

सेल किती टिकेल, याचाही विचार करावा. समांतर लोडमुळे ४०५६ ला चार्जिंग संपल्याचे कळत नाही आणि सेल तासन्तास ४.२ व्होल्टवर राहतो. शिवाय तिच्या प्रचलित मॉड्यूलवर तापमानाची पिन सर्किटच्या ग्राउंडला जोडून निष्क्रिय केलेली असते; उन्हात तापणाऱ्या बंद डब्यासाठी मला ते पटत नाही. २४०७४ ला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) जोडला, की सेल फार गरम असताना चार्जिंग थांबते.

पाय झीरोऐवजी ईएसपी ३२ हा साधा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांचा निर्णय कदाचित वेगळा असू शकेल. जाग येताच सेलचा व्होल्टेज तपासून, तो कमी असल्यास वायफाय सुरू न करता पुन्हा झोपी जाणारा प्रोग्राम लिहिला, तर ४०५६ वरही ही कोंडी बऱ्याच अंशी सुटते. पाय झीरोसारख्या लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डाला ती सवलत नाही, कारण असा प्रोग्राम चालू लागेपर्यंतच सेल पुन्हा उतरलेला असतो. शेत घरापासून लांब असेल, तर पाय झीरोसाठी मी २४०७४ च घेईन.