इन्फ्रावर्क्स: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रस्त्यांच्या डीपीआरसाठी (सविस्तर प्रकल्प अहवालासाठी) ऑटोडेस्कचं इन्फ्रावर्क्स हे परिसराचं त्रिमितीय मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर आठ महिने सलग वापरल्यावर एक गोष्ट पक्की सांगता येते. चुकीच्या डेटाचंही ते तितकंच देखणं मॉडेल बनवतं. म्हणून या लेखात बटणांपेक्षा डेटाबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवात त्यातल्या मॉडेल बिल्डर या साधनापासून होते. नकाशावर हवा तो भाग आखायचा (मर्यादा 200 चौरस किलोमीटर), नाव द्यायचं आणि थोड्या वेळात जमीन, रस्ते, इमारती, नद्या असं सगळं तयार मिळतं. आखणीचे दोन-तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघायला किंवा गावकऱ्यांना बायपास कुठून जाईल ते दाखवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. एल-सेक्शन (रस्त्याच्या लांबीचा उभा छेद) न वाचणाऱ्या माणसालाही भराव किती उंच येणार ते लगेच कळतं. एवढ्यासाठीच वापरायचं असेल तर निःशंक घ्या.

पुढे जायचं असेल तर त्या तयार जमिनीवर विसंबू नका. आपल्याकडे ती 30 मीटर अंतराच्या एसआरटीएम (अंतराळयानातून रडारने केलेली उंचीची मोजणी) डेटावरून येते आणि तो डेटा फेब्रुवारी 2000 मधला आहे. त्यानंतरची कटिंग, खाणी, लेआउटचे भराव त्यात नाहीत. शिवाय रडारला दाट झाडीचा माथाही जमिनीसारखाच दिसतो. एक चौकट 900 चौरस मीटरची, त्यात 6 मीटर रुंदीचा नाला उमटणारच कसा? अशा जमिनीवर पाणलोटाचं विश्लेषण चालवलं की मोऱ्या भलत्याच चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर) सुचवल्या जातात. मातीकामाचं तर विचारू नका. 12 मीटर रुंदीच्या रस्त्याला सरसकट 1 मीटर उंचीची चूक धरली तरी किलोमीटरमागे 12,000 घनमीटरचा फरक पडतो. म्हणजे 12 घनमीटरच्या हायवा डंपरच्या 1,000 खेपा.

त्यामुळे ड्रोन किंवा टोटल स्टेशन या मोजणी यंत्राचा सर्व्हे घालावाच लागतो, आणि खरी कसोटी तिथे लागते. जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या) रिसीव्हरची मूळ उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते आणि आपला आरएल (कामात वापरायची पातळी) समुद्रसपाटीपासूनचा. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात या दोन्हींत 60 मीटरहून जास्त अंतर आहे. पुण्यात ज्या बेंचमार्कचा (उंची ठरलेल्या खुणेचा) आरएल 560 च्या आसपास, तिथे रिसीव्हर 500 च्याही खाली आकडा दाखवतो. एवढी चूक लपत नाही, सर्व्हेचा तुकडा जमिनीत खड्डा पडल्यासारखा दिसतो. जास्त घात करते ती छोटी चूक: ड्रोनच्या सॉफ्टवेअरने जागतिक जिऑइड (समुद्रसपाटीचं गणिती मॉडेल) वापरून उंची दुरुस्त केली, पण स्थानिक टीबीएमशी (तात्पुरत्या बेंचमार्कशी) जुळवलीच नाही. तो फरक अर्ध्या मीटरच्या घरात असू शकतो. मॉडेलकडे बघून काही कळत नाही, गटाराचा उतार मात्र उलटा होतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. लेव्हल यंत्राने उंची काढलेले किमान चार-पाच टीबीएम पट्टाभर पसरून घ्या, सर्व्हे आत आणल्यावर प्रत्येकाच्या जागी मॉडेलमधली उंची वाचा आणि फरक कागदावर मांडा. सगळीकडे सारखा फरक आला तर संदर्भ चुकलाय. एका टोकाकडे वाढत गेला तर ड्रोनचे कंट्रोल पॉइंट (जमिनीवर मोजून ठेवलेले बिंदू) तपासा.

आता को-ऑर्डिनेट. यूटीएम ही पृथ्वी सहा-सहा अंशांच्या झोनमध्ये मांडणारी नकाशा पद्धत; महाराष्ट्र तिच्या दोन झोनमध्ये विभागला जातो, सीमा 78 रेखांशावर. अमरावती 43 मध्ये, वर्धा आणि नागपूर 44 मध्ये. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही ही रेषा ओलांडतो. नागपूरची फाइल 43 समजून आत घेतली तर सहा अंश पश्चिमेला सरकते आणि थेट गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन पडते. तेव्हा डेटा सोर्स कॉन्फिगर करताना झोन स्वतः निवडा, आपोआप ओळखला जाईल असं धरून चालू नका. आणखी एक गोष्ट: यूटीएममधलं अंतर जमिनीवरच्या अंतराइतकं नसतं. 75 रेखांशाजवळ, म्हणजे अहिल्यानगरच्या आसपास, किलोमीटरमागे 40 सेंटिमीटर कमी भरतात, उंचीमुळे त्यात थोडी आणखी भर पडते. 10 किलोमीटरच्या आखणीत 4 मीटर गेले. साइटवरच्या माणसाला हा गुणक लिहून दिला नाही तर शेवटच्या पुलाचा खांब आणि चेनेज जुळणार नाही.

इमारतींचा भाग तुलनेने सोपा. तयार मॉडेलमधल्या इमारती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून येतात; त्यात मजल्यांचा आकडा बहुतेक ठिकाणी भरलेलाच नसतो, त्यामुळे सात मजली सोसायटी आणि शेजारचं पत्र्याचं गोडाउन एकाच उंचीचं दिसतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा वेगळा कॉलम करा, मजले गुणिले 3 मीटर भरा आणि रस्त्यालगतच्या 100 मीटर पट्ट्यात तरी मजले प्रत्यक्ष मोजून घ्या. शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा एक फाइल प्रकार) वापरणार असाल तर कॉलमची नावं रोमन लिपीत ठेवा. नावाला 10 बाइटच मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा 3 बाइट खाते, त्यामुळे 'उंची' लिहायलाही जागा पुरत नाही.

रेव्हिट या बांधकाम डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून स्टेशन किंवा पूल आणताना चूक ठरलेली असते. आर्किटेक्टचं शून्य म्हणजे जोत्याची पातळी, त्यात आरएल मिळवलेला नसतो. मग तो मिळवायचा म्हणून कोणीतरी अख्खं मॉडेल उचलून यूटीएमच्या आकड्यांवर नेऊन ठेवतं. तसं करू नका. मूळ बिंदूपासून 16 किलोमीटरच्या पलीकडे रेव्हिटची अचूकता ढासळते, रेषा आणि पृष्ठभाग बिघडायला लागतात. मॉडेल जागेवरच राहू द्या, शेअर्ड को-ऑर्डिनेटमध्ये सर्व्हे पॉइंट, आरएल आणि खरी उत्तर दिशा भरा.

अंतिम डिझाइन सिव्हिल थ्रीडी या ऑटोडेस्कच्याच डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये करा, आणि तिथली फायनल सरफेस (डिझाइननंतरचा पृष्ठभाग) परत इथे आणून दाखवा. यंत्राला 32 जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवंच. मॉडेल दुसऱ्या संगणकावर नेताना त्याच्या मुख्य एसक्यूलाइट फाइलसोबत त्याच नावाचं फाइल्सचं फोल्डरही उचला. नुसती फाइल पेनड्राइव्हवर घेतली तर समोरच्याकडे मॉडेल धड उघडणार नाही.