फिंगर लेक्सच्या वाइन आणि मराठी जेवण: कुठली बाटली कशासोबत?

घरी मराठी जेवण आहे, आठ-दहा पाहुणे यायचेत आणि अमेरिकेतल्या फिंगर लेक्सची एकच वाइन आणायची आहे, तर सेमी-ड्राय, म्हणजे किंचित गोडसर, रिस्लिंग (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन) आणा. गोडसर वाइन म्हणजे नवशिक्यांची, हा समज आपल्या लोकांत घट्ट बसलाय आणि त्यामुळे चांगल्या स्वयंपाकाबरोबर चुकीची बाटली उघडली जाते.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम-मध्य भागात, हिमनद्यांनी कोरलेल्या अकरा लांबोळक्या तळ्यांचा हा प्रदेश. सेनेका तळं तब्बल १८८ मीटर खोल आहे. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते हिवाळाभर हळूहळू सोडतं, म्हणून काठावरच्या बागा तगतात. वसंतात तेच गार पाणी हवा थंड ठेवतं, त्यामुळे वेलींचे डोळे उशिरा फुटतात आणि बऱ्याचदा उशिराच्या हिमातून वाचतात. बऱ्याचदाच, नेहमी नाही: १८ मे २०२३ च्या पहाटे पडलेल्या हिमाने इथल्या अनेक बागांचे कोवळे फुटवे जाळले. युरोपी जातीची द्राक्षं या थंडीत टिकणारच नाहीत, असं एकेकाळी इथले जाणकार ठामपणे सांगत. युक्रेनमध्ये जन्मलेल्या डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी ते खोटं ठरवलं आणि १९६२ मध्ये क्युका तळ्याकाठी हॅमंड्सपोर्टला स्वतःची वाइनरी काढली. आजही हिवाळ्याआधी अनेक बागांत वेलीचा कलमाचा जोड मातीने झाकतात आणि वसंतात उकरून मोकळा करतात.

नाशिकला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी, आणि वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही. फिंगर लेक्सला ती महिनोन् महिने झोपते, आणि शरदातल्या गार रात्रींमुळे मण्यातला आंबटपणा पिकतानाही टिकून राहतो. आपल्या जेवणाशी या वाइनचं जमतं ते त्या आंबटपणामुळे.

ड्राय की सेमी-ड्राय रिस्लिंग?

दोन्हींचं द्राक्ष एकच, वास जवळपास सारखा: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पीच, जुन्या बाटलीत रॉकेलची हलकी झाक. फरक आंबवल्यावर वाइनमध्ये उरलेल्या साखरेचा. ड्राय वाइनमध्ये ती जेमतेम जाणवते. सेमी-ड्रायमध्ये जाणवते, पण आंबटपणा तिला धरून ठेवतो, म्हणून ती सरबतासारखी गोड लागत नाही. अनेक बाटल्यांच्या मागे ड्रायपासून स्वीटपर्यंतची एक पट्टी छापलेली असते. ती साखर आणि आंबटपणा दोन्ही धरून ठरवतात, त्यामुळे समोरच्या नावापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवा.

आता वडापाव घ्या, सुक्या लसणाच्या चटणीसकट. एक घास खाऊन ड्रायचा घोट घेतला तर आधी बरं वाटतं, मग तिखट जास्तच चढतं, कारण अल्कोहोल मिरचीची आग भडकवतं आणि ती शमवायला साखर नसते. सेमी-ड्रायचा घोट घेतला की जीभ निवते, बेसनाचा तेलकटपणा धुतला जातो आणि पुढच्या घासाला लसूण पुन्हा नीट कळतो. चिंच-गुळाची आमटी, भरली वांगी, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची उसळ, या सगळ्यांत थोडा गूळ किंवा गोडवा असतोच. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन कडवट आणि पोकळ लागते. ड्रायची तिथे पंचाईत होते.

ड्राय जिंकते ती खारट, तळलेल्या, कमी तिखट पदार्थांशी. रवा लावून तळलेलं पापलेट, कोथिंबीर वडी, अळूवडीसुद्धा, गूळ बेताचा असेल तर. नुसत्या मीठ-लिंबाच्या कोळंबीसोबत तर मी ड्रायच उघडेन. सोलकढी मात्र जेवण संपल्यावर घ्या, कोकमासमोर कुठलीही वाइन पाणचट लागते.

गेवुर्त्सट्रामिनर आणि कॅबरने फ्रँक

गेवुर्त्सट्रामिनर हीही पांढरी वाइन, तिला गुलाबपाणी आणि लिचीचा वास असतो. "भारतीय जेवणासोबत हीच घ्या" असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. मला तो अर्धाच पटतो. गोडा मसाला, काजू आणि तुपाचा मसालेभात असेल तर छान. पण रिस्लिंगच्या मानाने तिच्यात आंबटपणा कमी, म्हणून चिंच, टोमॅटो किंवा ताकाच्या कढीपुढे ती ढिली पडते. पूर्ण जेवणाला पुरेल अशी ती नाही.

रेडच हवी असेल तर इथली कॅबरने फ्रँक घ्या. थंड हवेमुळे ती हलकी असते, तुरटपणा बेताचा, आणि वासात भोपळी मिरचीची झाक. मंद आचेवर परतलेलं, काळ्या मिरीचं सुकं मटण हिच्यासोबत फार चांगलं लागतं. पण तांबडा रस्सा किंवा ठेच्याचं झणझणीत जेवण असेल तर तुरटपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात. अशा दिवशी मटण असलं तरी सेमी-ड्राय रिस्लिंगच बरी. आणि रेड म्हणून ती खोलीच्या उबेत ठेवू नका. प्यायच्या आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तर चव सुधारते.

आइस वाइन, गोडासोबत?

आइस वाइनसाठी द्राक्षाचे मणी वेलीवरच गोठू देतात आणि गोठलेलेच पिळतात. पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि घट्ट, गोड, आंबट रस तेवढा निथळतो. शेजारच्या कॅनडातल्या ऑंटारिओत नियमाने उणे ८ अंश सेल्सिअस किंवा त्याखालीच तोडणी होते. टोरंटोकडे राहत असाल तर तिथलीच घ्या. अमेरिकेत लेबलवर "आइस वाइन" लिहायचं तर द्राक्षं वेलीवर गोठलेली असावी लागतात. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या द्राक्षांची वाइन दुसऱ्या नावाने विकतात. ती स्वस्त असते आणि वाईट नसते, पण आइस वाइनचे पैसे मोजणार असाल तर लेबल वाचा.

पुरणपोळी आणि तुपासोबत ती मला जड वाटते, गोडावर गोड साचत जातं. श्रीखंडाचं वेगळं. चक्क्याचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाशी जुळतो आणि केशर-वेलचीला जागा मिळते. वाटीत श्रीखंड कमी, साखर नेहमीपेक्षा थोडी हात राखून, आणि वाइन लहान ग्लासात दोन-तीन घोट. ती बहुतेकदा ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत येते, तेवढी आठ जणांना पुरते.