समुद्रकाठच्या जिप्सीत कुठलं १३०० बसवाल: कार्ब्युरेटरचं की एमपीएफआय?

मारुतीच्या जुन्या एमजी४१० जिप्सीचं ९७० सीसीचं इंजिन धूर ओकायला लागलं की त्याचं बोअरिंग करत बसण्यापेक्षा नंतरच्या जिप्सी किंगचं १३०० सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून बसवावं, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्याच्या पुढचा. १९९६ साली किंग आली तेव्हाचं आठ व्हॉल्व्हचं कार्ब्युरेटरवालं इंजिन घ्यायचं, की २००० च्या सुमारास आलेलं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय? कार्ब्युरेटर जेटच्या ठरावीक भोकांतून पेट्रोल देतो; एमपीएफआयमध्ये संगणकाच्या हुकुमाने इंजेक्टर पेट्रोल फवारतात. घाटावर याचं उत्तर कदाचित वेगळं येईल. मी देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला राहतो, आणि इथल्या हवेत घराच्या खिडकीची बिजागरीसुद्धा दोन पावसाळ्यांत अडकते. तेव्हा हे सगळं किनारपट्टीपुरतंच समजा.

माझ्या जिप्सीत एमपीएफआय आहे, चुलत भावाच्या जिप्सीत कार्ब्युरेटर. दोन्ही गाड्यांचं काम आमच्या कलमांच्या बागेतल्या मांगरात (शेतघरात), एकाच चेन ब्लॉकखाली झालं. मी यातलं काहीही यंत्रावर मोजलेलं नाही. जे आहे ते गाडी चालवून आणि हात काळे करून आलेलं मत आहे.

ताकदीचं आधी उरकतो. कागदावर ६० विरुद्ध ८० अश्वशक्ती. आंब्याच्या पेट्या भरून करूळ घाटाने गगनबावड्याला चढताना हा फरक कळतो, नाही असं नाही. पण सड्यावरच्या जांभ्या दगडातून, पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ आयडलवर (पेडल न दाबता) गाडी रांगवायची असेल तर मला भावाची गाडी जास्त गोड वाटते. सोळा व्हॉल्व्हवाल्याची खरी ताकद वरच्या आरपीएमला आहे, खाली ते थोडं पोकळ लागतं. नुसत्या ताकदीसाठी एमपीएफआय घेणार असाल तर हवं तर घ्या, पण आमच्या रस्त्यांवर ती वरची ताकद वापरायला मिळते किती? आणि दोन्हींपैकी काहीही बसवा, पुढे जुने ड्रम ब्रेक असतील तर आधी डिस्क बसवा, मग इंजिनाचं बघा.

आता नाक्यावरच्या मेस्त्रींचं मत. आमच्याकडे कुणालाही विचारलंत तरी हेच ऐकाल: "कार्बोरेटरच बरो. खंयय उघडूक येता. तो ईसीयू मेलो तर कोणाक इचारतलस?" ईसीयू म्हणजे एमपीएफआयचा तो संगणक. यात तथ्य आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीला बॅटरी, कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल एवढं मिळालं की ती चालते. पंप इंजिनावरच, कॅमने चालणारा. पाव बारच्या आसपास दाब त्याला पुरतो. बिघाड शोधायला स्क्रू ड्रायव्हर आणि कान लागतात. शिवाय इंजिन उतरवल्यापासून ते सुरू होईपर्यंत भावाच्या गाडीचं काम माझ्यापेक्षा कितीतरी लवकर झालं, हे मान्यच करायला हवं.

एमपीएफआयचं खरं काम इंजिन बसवण्यात नसतं, वायरिंगमध्ये असतं. इंजिन खाली सोडलं, माउंटिंगचे बोल्ट आवळले की लोक फोटो काढतात. त्यानंतर पुढचे कित्येक रविवार डॅशबोर्डखाली उताणं पडून जातात. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल पोझिशन, कूलंट तापमान, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर, आयडल व्हॉल्व्ह, प्रत्येकाची वायर कुठून कुठे जाते ते समजून घेतल्याशिवाय हात घालू नये. टाकीचंही काम वाढतं. इथे अडीच-तीन बार दाब लागतो, त्यामुळे पंप टाकीच्या आत बसतो आणि नळ्या इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्याच हव्यात. जुनी साधी नळी तशीच ठेवून क्लिप आवळणारे लोक मी पाहिलेत. गरम मॅनिफोल्डजवळ ती नळी फाटली तर काय होईल ते सांगायला नको. एमपीएफआय जिप्सीची टाकीच पंपासकट मिळाली तर डोळे झाकून घ्या.

आणि मग खारा वारा. एमपीएफआयविरुद्ध सगळ्यात जास्त बोललं जातं ते यावरून, आणि ते खोटं नाही. किनाऱ्यावर तांब्याच्या वायरीचं टोक उघडं राहिलं की हिरवं पडतं, आणि हिरवेपणा इन्सुलेशनच्या आत वीतभर शिरतो. वरून वायर धडधाकट दिसते. माझ्या गाडीचं आयडल पहिल्या पावसाळ्यात वरखाली व्हायचं, मध्येच चेक इंजिनचा दिवा लागायचा, कोरड्या दिवशी सगळं ठीक. बऱ्याच जणांचा पहिला संशय ईसीयूवर जातो. माझ्या अनुभवात ईसीयूवर सगळ्यात शेवटी यावं.

पहिला संशय अर्थिंगवर. जिप्सीचं इंजिन रबराच्या माउंटिंगवर, बॉडीही चॅसिसवर रबरावर. म्हणजे इंजिन, चॅसिस आणि बॉडी या तिघांना जोडणाऱ्या पट्ट्या गंजल्या की वीज परतीची वाट शोधत भलत्याच ठिकाणाहून जाते आणि सेन्सरचे आकडे हलायला लागतात. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं थेट इंजिन ब्लॉकवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब आहे. हीच तपासणी ब्लॉक ते बॉडी करा. नुसतं मीटर ओहमवर ठेवून केलेली तपासणी इथे फसवते, कारण एक तार शाबूत असली तरी मीटर सगळं ठीक असल्याचं सांगतं. प्रवाह वाहत असतानाच खोट उघडी पडते. त्यानंतर कूलंट सेन्सर: इंजिन थंड असताना साधारण अडीच किलोओहम, गरम झाल्यावर तीन-साडेतीनशे ओहमपर्यंत यायला हवा. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज पेडल दाबताना सलग चढायला हवं, मध्ये उडी मारता कामा नये. माझ्या गाडीत दोष अर्थिंगच्या पट्टीत आणि एका कनेक्टरच्या हिरव्या पिनेत निघाला.

पण हे काम एकदा नीट केलं की झालं. सगळ्या जोडांना सोल्डर करून आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवली, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, ईसीयू फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) आतल्या बाजूला, पाय भिजले तरी पाणी पोचणार नाही अशा उंचीवर बसवला, कनेक्टरचं तोंड खाली ठेवून. अर्थिंगच्या पट्ट्या कथिल चढवलेल्या वायरच्या केल्या. तेव्हापासून वायरिंगने मला फारसं छळलेलं नाही.

कार्ब्युरेटरचं मात्र असं एकदा करून संपत नाही. माझा कौल जिथे ठरला ती जागा हीच.

आमच्या गाड्या कशा वापरल्या जातात ते लक्षात घ्या. डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत भरपूर. जूनमध्ये एकदा पाऊस लागला की वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, गाडी मांगरात उभी राहते, भाऊ मुंबईला जातो, आणि पुन्हा चावी फिरते ती गणपतीच्या बाजाराला. बरोबर त्याच दिवशी, घरात माणसं, दारात सामान आणायची घाई, आणि गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू राहत नाही. चोक आत ढकलला की बंद. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, उघडावं तर तळाला पांढरी भुकटी आणि कडेला तपकिरी चिकट थर, पायलट जेट (आयडलचं पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलेला. दरवर्षी. माझं जुनं ९७० सीसीचं इंजिनही कार्ब्युरेटरचंच होतं, त्यामुळे ही भुकटी माझ्या चांगल्या परिचयाची आहे.

कारण साधं आहे. फ्लोट चेंबरला हवेची वाट असते, ती असावीच लागते. आता पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातली जुलैची हवा, त्यात चेंबरभर उघडं पेट्रोल, खाली जस्त आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, पाणी खाली बसतं आणि धातू फुलतो. एमपीएफआयमध्ये पेट्रोल टाकीपासून इंजेक्टरपर्यंत बंदिस्त नळीत असतं. तिथेही महिनोन्महिने उभं राहिलेलं पेट्रोल चांगलं नाहीच, इंजेक्टर चिकटू शकतो, म्हणून मी जूनआधी टाकी गच्च भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. पण माझ्या गाडीने गणपतीत पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठायला अजून तरी नकार दिलेला नाही.

कुणी म्हणेल, पाऊस लागायच्या आधी फ्लोट चेंबर रिकामं करा. करावं, जरूर करावं. पण मग अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा आणि गॅसकेट कोरडे पडून ताठर होतात, हे एक. आणि दुसरं म्हणजे ज्याची गाडी तो मुंबईत. मेच्या शेवटी आंब्याची शेवटची पेटी रवाना होईपर्यंत गाडी लागते, मग पाऊस एका रात्रीत येतो, तेव्हा कोण चेंबर रिकामं करत बसतो?

इथेनॉलचा आणखी एक त्रास आहे. साध्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, २० टक्के इथेनॉलला ते १३.५ च्या जवळपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन हवं. एमपीएफआयचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून स्वतःच्या मर्यादेत हे सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला कान नाहीत. जेट ज्या भोकाचा आहे तेवढंच तो देणार. भावाची गाडी घाटात कोरडी चालते, पेडल दाबल्यावर क्षणभर अडखळते, प्लगची टोकं पांढरी निघतात. मोठा मेन जेट घातला की फरक पडतो, पण योग्य मापाचा जेट मिळवणं हाच एक उद्योग झालाय, आणि तारेने भोक मोठं करायचा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलात फुगून मऊ पडतात. त्या दोन्ही गाड्यांत बदलाव्याच लागतात, त्यात कुणाला सूट नाही.

हे सगळं वाचून कार्ब्युरेटर बाद असं वाटू नये. गाडी बाराही महिने, रोज नाही तरी दोन-तीन दिवसांआड फिरत असेल, तर चेंबरमधलं पेट्रोल ताजं राहतं आणि माझी निम्मी तक्रार संपते. मल्टिमीटर हातात धरायची इच्छा नसेल, वायरिंगचा नकाशा बघून डोकं दुखत असेल, तरीही कार्ब्युरेटर. दुसऱ्याच्या भरवशावर केलेलं एमपीएफआयचं वायरिंग हे किनाऱ्यावर कार्ब्युरेटरपेक्षा वाईट, हे मी माझ्या पसंतीच्या विरोधात जाऊन सांगतो. फक्त मग डिस्ट्रिब्युटरची टोपी पावसाळ्यात कोरडी ठेवायची सवय लावा, दमट सकाळी गाडी मिसिंग करते त्याचं मूळ बरेचदा तिथे असतं.

दोन्ही बाजूंना समान असलेलं एक सांगून ठेवतो. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला विहिरीचं पाणी पाजू नका. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि ते पाणी हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाऊन टाकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढा खर्च सोसावा.

कागदपत्रांचं मात्र इंजिन आणण्याआधी बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी हवी. एमएच ०७ असो वा ०८, आधी जाऊन विचारा, लेखी अर्ज द्या. तुमच्या आरसीवर ९७० सीसी आहे हे अधिकाऱ्याला आधीच दाखवा. एवढी जुनी गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण आलंच, तपासणीत इंजिन नंबर बघतातच, आणि नोंद नसेल तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून जुनं इंजिन घेताना बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि ब्लॉकवरचा न घासलेला नंबर, हे तिन्ही हवं.

इंजिन शोधायला आमच्याकडचे लोक कुर्ल्याला जातात किंवा घाट चढून कोल्हापूरला. मशीनिंगचं काम निघालं तर कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ पडतं. मारुतीच्याच एस्टिम कारचं १३०० एमपीएफआय जास्त सहज मिळतं आणि विकणारा "तेच आहे" म्हणेल, पण ते त्या गाडीत आडवं बसतं, जिप्सीत उभं. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), मॅनिफोल्ड, माउंटिंग यांची जुळवाजुळव करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. कार्ब्युरेटरवालं घेणार असाल तर कॉम्प्रेशन बघा, कार्ब्युरेटरचे स्क्रू आधी कुणी चुरडलेत का ते बघा, बाकी काही अवघड नाही. एमपीएफआय घेणार असाल तर इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू, पूर्ण वायरिंग, पंप, आणि त्या गाडीत इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) असेल तर त्याची पेटी आणि चावी, सगळं एकाच गाडीचं एकत्र मागा. विकणारे घाईत वायरिंग कटरने कापून इंजिन मोकळं करतात आणि "जोडून घ्या" म्हणतात. तसं कापलेलं असेल तर भाव निम्मा सांगितला तरी ते इंजिन सोडून पुढच्या गाळ्यात विचारा.