आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: दारव्हा तालुक्यातल्या शेतातून

दुर्बीण घेतली शाळेतल्या पोरांसाठी, पण जास्त वापरली जाते आमच्या शेतात. रानडुकरांपायी मामाजी जागलीला जातात, अमावास्येच्या आसपास मीही जाते. डॉब्सोनियन म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. आरसा २०० मिलिमीटरचा, मोटार नाही. हाताने ढकलायची आणि शोधायचं.

आधी तक्रार. पार्सल तालुक्यापर्यंतच आलं, पुढे छोटा हत्ती करावा लागला. धक्क्यांनी आरसा हलला होता. प्रत्येक ताऱ्याला शेपूट दिसायचं. विकणाऱ्याने 'पुस्तिका बघा' म्हणून फोन ठेवला. आरशामागचे स्क्रू फिरवून तो जागेवर आणण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

पण त्यानंतर जे दिसलं, त्यासाठी मी ही दुर्बीण पुन्हा घेईन. नोव्हेंबरात एम ३३ दीर्घिका रात्री दहाला जवळजवळ डोक्यावर असते, तिथे ही दुर्बीण नीट वळत नाही. बाराला पश्चिमेकडे कलली की लावायची. ४८ पट वर्धनात आधी फिकट पसरट उजेड आणि त्याच्या कडेला एक छोटा, घट्ट ठिपका. तो एनजीसी ६०४. २७ लाख प्रकाशवर्षांवरची ताऱ्यांची बाळंतखोली! आत दोनशेहून जास्त तापलेले, प्रचंड तारे, वय जेमतेम ३५ लाख वर्षं. आपला सूर्य ४६० कोटींचा.

मामाजींनी डोळा लावला. "हे तं धुवारीवानी दिसून रायलं."

दिसतो तो तापलेल्या वायूचा उजेड. धूळ डोळ्याला दिसत नाही, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. या कोवळ्या ताऱ्यांचे अतिनील किरण जवळचे धुळीचे बारीक कण मोडून टाकतात, ताऱ्यांतून सुटणारे वारे ढगात पोकळ्या कोरतात. पोकळीच्या भिंतींवरची धूळ तो प्रकाश पिऊन तापते आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत चमकते. अवकाशातल्या वेब दुर्बिणीच्या २०२४च्या फोटोंत त्या भिंती लख्ख दिसतात. मी ते फोटो मोबाइलवर मंद उजेडात दाखवते, मग पोरं पुन्हा डोळा लावतात. या वेळी कोणी घाई करत नाही.

रंग दिसतील या आशेने घेऊ नका, सगळं राखाडीच दिसतं. गावातल्या हायमास्टखाली तर हा ठिपका मला कधीच सापडला नाही. पहाटे दव धरतं, म्हणून नळीच्या तोंडावर जुनं लुगडं टाकते. मळणी चालू असली की दुर्बीण घराबाहेर काढत नाही, कुटाराची धूळ आरशावर बसली की पुसायची सोय नाही, ओरखडे पडतात.