जॉबशीटवर सही करण्याआधी थांबा

2025 च्या जूनमध्ये आईच्या फोनचं चार्जिंग बंद पडलं. आदल्या दसऱ्याला घेतलेला, 18,499 रुपयांचा. वर्षाची वॉरंटी, म्हणजे चार महिने अजून हातात. बिल, खोका सगळं जपलेलं, त्यामुळे मी निर्धास्त होते. चिपळूणहून एसटीने रत्नागिरी गाठली, कारण कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आम्हाला जवळ म्हणजे तेच.

काउंटरवरच्या मुलीने फोन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पावसात भिजला होता का?" मी नाही म्हटलं. ती काय टाइप करत होती ते मला दिसत नव्हतं. जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याचा कागद, छापून आली, "इथे सही करा मॅडम." मागे रांग, माझं लक्ष परतीच्या गाडीकडे. केली सही. घरी येऊन वाचलं तर फोनच्या स्थितीच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलेलं: कडांना ओरखडे, आत पाणी गेल्याची शक्यता. फोन तेव्हा उघडलासुद्धा नव्हता आणि खाली माझी सही होती.

चौथ्या दिवशी फोन आला. "आत पाणी गेलंय, मदरबोर्ड बदलायला लागेल, 12,800 होतील. वॉरंटीत बसत नाही." मी पुरावा मागितला तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: सिमच्या खाचेत लाल झालेली पट्टी. बऱ्याच फोनमध्ये ही बारीक पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की लाल होते. मी गप्प झाले. जूनमध्ये आमच्याकडे कपडे आठ-आठ दिवस सुकत नाहीत, आत ओल गेली असेलही, असं मलाच वाटायला लागलं. आई मात्र म्हणत राहिली, "पदराला हात पुसल्याशिवाय मी फोन धरत नाही गं." मी तिचं ऐकायला हवं होतं.

एवढे पैसे घालायचे नव्हते, म्हणून फोन परत मागितला. "ओटीपी सांगा, त्याशिवाय सिस्टीम फोन सोडत नाही." मी सांगितला. त्या ओटीपीने 'काम पूर्ण, ग्राहक समाधानी' अशी नोंद होऊन माझी तक्रार बंद झाली, हे मला महिन्याभराने कळलं.

चिपळुणात नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्या मुलाकडे फोन नेला. त्याने पिनने सिमचा ट्रे काढला, टॉर्च मारली. "ताई, पट्टी तर पांढरी आहे." मी वाकून पाहिलं. तांदळाच्या कणीएवढी, कोरी पांढरी. एकदा लाल झालेली पट्टी वाळली तरी पुन्हा पांढरी होत नाही. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोठा करून पाहिला. खाचेच्या कडा निळ्या होत्या. आईचा फोन काळा आहे.

माझे हातपाय थरथरत होते. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनचा फोटो दाखवून आमच्याकडून 12,800 काढायचे होते.

त्या मुलाच्या मते बहुतेक चार्जिंगचा छोटा बोर्डच गेला होता, साडेसहाशेचं काम. पण हात लावायला तोच तयार होईना. "मी उघडला की उद्या म्हणतील, बाहेर उघडलाय, वॉरंटी संपली." कंपनीचा ओरिजिनल पार्ट त्याला मिळतच नाही, मुंबईला मनीष मार्केटमधून मिळेल तो आणावा लागतो. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियमच आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं ठरावीक सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 ला केंद्र सरकारने राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती मिळते. पण पार्ट द्यायलाच लावणारा कायदा अजून नाही. घामाने घेतलेली वस्तू आपली, आणि ती उघडायची सोय मात्र दुसऱ्याच्या हातात, हे मला मुळीच पटत नाही.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं: ग्राहकाने ओटीपी दिला, विषय संपला. मग मी त्यांनी पाठवलेला फोटो आणि आईच्या फोनमधल्या पांढऱ्या पट्टीचा फोटो शेजारी-शेजारी लावून मेल केला. दोन दिवसांत सेंटरचाच फोन. "फ्री करून देतो, फक्त तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्या." मी दिलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. जॉबशीट, बिल आणि तो निळ्या कडांचा फोटो, तिन्ही कागद मी जोडलेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा असला फोटो कधीही डिलीट करू नका.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचा फोन बिघडला, त्याच कंपनीचा. मी सोबत त्याच सेंटरला गेले. काउंटरवरच ट्रे काढून पांढऱ्या पट्टीचा व्हिडिओ घेतला, फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो) स्क्रीनवर दाखवून. जॉबशीट आली, त्यात पुन्हा पाणी गेल्याची शक्यता. मी म्हटलं, ही ओळ काढा, मग काका सही करतील. मुलीने आतल्या साहेबांकडे पाहिलं, थोडा वेळ गेला, आणि तिने दुसरा कागद छापला. सहाव्या दिवशी काकांचा फोन दुरुस्त होऊन आला, एक रुपया न घेता. ओटीपी आम्ही फोन चार्जिंगला लावून बघितल्यावर सांगितला.