कनेटिकट की साउथ कॅरोलिना? मुलीसाठी बास्केटबॉलचा प्रशिक्षक निवडताना

मुलीला कॉलेजच्या बास्केटबॉल संघाकडून विचारणा झाली, की अमेरिकेतल्या मराठी घरात पहिला प्रश्न निघतो तो प्रशिक्षकाच्या स्वभावाचा. फार ओरडतात का? मुलींना सांभाळून घेतात का? प्रश्न साहजिक आहे, पण नुसत्या स्वभावावरून निवड केली तर फसायला होतं. आज ज्यांची नावं सर्वांत आधी घेतली जातात ते दोघे, कनेटिकट विद्यापीठाचे जीनो ऑरिएमा आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या डॉन स्टेली, शिस्तीच्या बाबतीत एकमेकांना हार जाणार नाहीत. त्यांचा कडकपणा कुठे खर्च होतो आणि त्याची किंमत कोणती मुलगी मोजते, हे बघायला हवं.

दोघांच्याही आधी पॅट समिट यांचं नाव घ्यायला हवं. टेनेसी विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून 1974 ते 2012 अशी 38 वर्षं, 1098 विजय, 8 राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांची करडी नजर प्रसिद्ध होती, पण मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यांचा वर्गातला नियम: खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांत बसायचं आणि तास बुडवायचा नाही. टेनेसीत पूर्ण काळ खेळलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली. आईवडील म्हणून कोणत्याही प्रशिक्षकाला लावायची पहिली फूटपट्टी मी हीच धरते.

आता ऑरिएमा. 1985 मध्ये ते कनेटिकटला आले तेव्हा या संघाला कोणी विचारत नव्हतं. त्यांचा पहिला हंगाम 12 विजय आणि 15 पराभवांचा होता. 1995 ते 2025 या काळात मात्र 12 विजेतेपदं आली. 2014 ते 2017 दरम्यान संघाने सलग 111 सामने जिंकले. या यशाचं मूळ सरावात आहे. मुलींना पुरुष खेळाडूंच्या पथकाविरुद्ध खेळवायचं, सराव मुद्दाम सामन्यापेक्षा अवघड करायचा आणि संघातल्या सर्वांत गुणी मुलीलाच सर्वांत जास्त बोल लावायचे. ब्रिआना स्टुअर्टने तिथे चार वर्षांत चार विजेतेपदं जिंकली आणि चारही वेळा अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली, पण म्हणून तिच्यावरची टीका कमी झाली नव्हती. सामन्याचं चित्रण पाहताना आपण बाकावरच्या मुलीही पाहतो, जिचं लक्ष खेळात नसतं ती कधीच मैदानात उतरत नाही, असं ऑरिएमा यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे.

या पद्धतीत ओझं थोड्या खांद्यांवर येतं. 2016 नंतर पुढचं विजेतेपद यायला 2025 उजाडलं. मधल्या काळात संघ जवळजवळ दरवर्षी अंतिम चौघांत पोचायचा आणि तिथे अडखळायचा. पेज बेकर्ससारखी खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने 2022-23 चा पूर्ण हंगाम बाहेर बसली, तेव्हा ते खांदे किती थोडे आहेत हे उघड दिसलं.

स्टेली यांचं गणित निराळं. त्या स्वतः पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ आखणाऱ्या खेळाडू, ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेल्या. 2008 मध्ये त्या साउथ कॅरोलिनाला आल्या आणि पहिल्या हंगामात 10 सामने जिंकून 18 हरल्या. त्यांनी आधी आपल्याच राज्यातल्या मुली घराजवळ राहतील असं पाहिलं. एजा विल्सन ही तिथलीच, आणि 2017 च्या पहिल्या विजेतेपदाच्या मध्यभागी तीच होती.

पण स्टेली यांची पद्धत खरी कळते ती 2023 आणि 2024 शेजारी ठेवल्यावर. 2023 मध्ये एकही सामना न हरता उपांत्य फेरीत आलेला संघ आयोवाकडून 77-73 ने हरला आणि सामन्याची सुरुवात करणाऱ्या पाचही खेळाडू त्यानंतर संघातून बाहेर पडल्या. कोणताही संघ अशा वेळी वर्षभर तरी मागे पडतो. साउथ कॅरोलिना पुढच्या हंगामात 38-0 राहिली. अंतिम सामन्यात आयोवाची तारा केटलिन क्लार्कने 30 गुण केले तरी आयोवा 87-75 ने हरली. मी त्या सामन्यातला एकच आकडा कायमचा लक्षात ठेवला आहे: बाकावरून उठून आलेल्यांचे गुण, 37 विरुद्ध शून्य. त्यांतले 19 गुण टेसा जॉन्सन या पहिल्या वर्षाच्या मुलीचे होते. तिला हंगामभर खेळायला मिळालं नसतं, तर त्या रात्री तिचे हात थरथरले असते.

याचीही किंमत आहे. दहा मुलींना वेळ वाटून द्यायचा म्हणजे सर्वांत गुणी मुलीलाही हवा तेवढा वेळ मिळत नाही. 2025 मध्ये मिलेशिया फुलवायली, विद्यापीठाच्याच शहरात वाढलेली आणि विलक्षण हुशार खेळाडू, बाकावरून खेळत होती. ती सोडून लुइझियाना स्टेटला गेली. एका वर्षाची सक्तीची विश्रांती न घेता संघ बदलायची मुभा 2021 पासून मिळाल्यामुळे नाराज मुलगी आता थांबत नाही.

या दोन कॉलेजांच्या ऑफर फार थोड्या घरांत येणार, हे मला ठाऊक आहे. पण लहान कॉलेजांतही याच दोन पद्धतींची रूपं भेटतात. जिला चूक दाखवली की चेव चढतो, घरी रडली तरी सकाळी पुन्हा चेंडू घेऊन उभी राहते, आणि जिला आपण सुरुवातीच्या पाचांत असूच याची खात्री आहे, तिला मी पहिल्या पद्धतीच्या प्रशिक्षकाकडे पाठवीन. जी हळू उमलते, जिला विश्वास मिळाला की खेळ फुलतो, तिला दुसऱ्या पद्धतीकडे. मात्र तिथे पंधरा मिनिटांचा खेळ मनापासून स्वीकारायची तिची तयारी हवी.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी तपासा: मदतनीस प्रशिक्षक किती वर्षं टिकलेत. क्रिस डेली 1985 पासून ऑरिएमांबरोबर आहेत, लिसा बॉयर स्टेली आधी टेंपल विद्यापीठात प्रशिक्षक होत्या तेव्हापासून त्यांच्या सोबतीला. मुख्य प्रशिक्षक रागावल्यावर मुलगी ज्यांच्याकडे जाऊन बसते, ती ही माणसं. जिथे मदतनीस दर दोन वर्षांनी बदलतात आणि दरवर्षी चार-पाच मुली सोडून जातात, तिथला कडकपणा बहुतेक वेळा नुसता अपमान असतो. त्यावर कितीही विजेतेपदांचा मुलामा असला, तरी मी माझी मुलगी तिथे ठेवणार नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा सराव बघायची परवानगी मागा. संघातल्या ताऱ्यांशी सगळेच बोलतात. तुम्ही बाकाच्या टोकाला बसलेल्या मुलीशी बोला. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांनी तुला काय शिकवलं, एवढंच विचारा. तिला पटकन काही सांगता आलं, तर घरी येऊन पुढची चर्चा करा.